पत्र खोटं होतं, आणि सही माझी होती

‘ताई, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातला. 2024 ला मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. भोसरीत एका वर्कशॉपला दीड वर्ष क्वालिटीत होतो. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून मार्चमध्ये आम्हा सहा जणांना कमी केलं. तेव्हापासून चिखलीत रूमवर राहून अर्ज करतोय. गेल्या मंगळवारी फोन आला, चाकणच्या मोठ्या गाडी कंपनीत सिलेक्शन झालंय म्हणाले. पाच मिनिटं फोनवरच इंटरव्ह्यू. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर लेटर आलं, महिना 38,500. आधार, पॅन, कॅन्सल केलेला चेक मागितला, तो पाठवला. कागदपत्रं पडताळणीचे 2,450 मी भरले. आता लॅपटॉप आणि युनिफॉर्मचं डिपॉझिट म्हणून 11,800 मागतात, पहिल्या पगारात परत देणार म्हणे. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला. बाबा म्हणाले, भाव येईल म्हणून ठेवलेली तूर काढतो. दुसरीकडे रांजणगावला एका छोट्या कंपनीत समोरासमोर इंटरव्ह्यू झाला. शॉप दाखवलं, व्हर्नियर कॅलिपर हातात देऊन माप घ्यायला लावलं. 19,000 देतो म्हणाले, पण ओरिजनल मार्कशीट जमा करायच्या, दोन वर्षांचा बॉण्ड, आणि लेटर जॉइन झाल्यावर. माझा रूममेट थायलंडला डेटा एंट्रीच्या नोकरीवर चाललाय, 70,000 पगार, तो मलाही चल म्हणतो. मला काही सुचेना. जास्त विचारलं तर हातची नोकरी जाईल अशी भीती वाटते. लेटरवरचा कंपनीचा नोंदणी क्रमांक सरकारी साइटवर तपासला, तो खरा निघाला. लेटरचा फोटो आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट सोबत पाठवतोय. – स., चिखली’

प्रिय स.,

ते 11,800 रुपये भरू नकोस. हे वाचून होताच 1930 या नंबरवर फोन लाव. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी ही देशभराची हेल्पलाइन आहे. 2,450 रुपये कधी गेले, कोणत्या खात्यावर गेले, यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक कोणता, हे समोर घेऊन बस. तिथे फोन लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार कर आणि बँकेलाही कळव. पैसे पुढच्या खात्यावर सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येतात. तुझे काही दिवस गेलेत, त्यामुळे ते मिळतीलच असं मी सांगणार नाही, पण तक्रार करच. व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही पुसू नकोस. त्यांनी तुला ब्लॉक केलं तरी चॅट तुझ्या फोनमध्ये राहतं, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव.

बाबांना आजच फोन कर आणि झालेलं सगळं सांग. तूर घरातच राहू दे.

आता त्या लेटरबद्दल. मी ते दोनदा मोठं करून पाहिलं. वर बोधचिन्ह आहे, खाली कंपनीचा 21 अक्षरी नोंदणी क्रमांक आहे. तू पत्रात लिहिलंस की तो क्रमांक तू कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तपासलास आणि तो खरा निघाला, म्हणून तुझा विश्वास बसला. तू तपासलंस हे मला फार आवडलं. पण तो क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर तळाशी छापलेला असतो, कोणीही तो उचलून आपल्या कागदावर चिकटवू शकतो. अशी कंपनी आहे, एवढंच त्यावरून कळतं. पत्र तिनेच पाठवलंय का, हे त्यावरून कळत नाही.

मला खटकला तो पगाराचा तक्ता. मूळ वेतन 38,500, आणि ‘हातात 38,500’. पीएफ नाही, व्यवसाय कर नाही, काहीच कापलेलं नाही. मी 22 वर्षं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात काम केलं, कपातीचा रकाना नसलेलं खरं नेमणूकपत्र मी आजवर पाहिलेलं नाही. महाराष्ट्रात एवढ्या पगारावर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर तरी कापलाच जातो. पत्र लिहिणाऱ्याने तुला खूश करणारा आकडा टाकला. पगारपत्रक कसं बनतं हे त्याला माहीत नव्हतं.

लेटरवरचा मेलचा पत्ता बघ. अ‍ॅटच्या खुणेनंतर कंपनीचं नाव आहे, मग आडवी रेघ, मग ‘करिअर’ असा शब्द, आणि मग डॉट. कंपनीच्या खऱ्या साइटच्या पत्त्यात ती रेघही नाही आणि तो शब्दही नाही. असा पत्ता हजारभर रुपयांत कोणालाही विकत घेता येतो. अ‍ॅटच्या खुणेनंतरचा सगळा पत्ता खऱ्या साइटशी अक्षरशः जुळतो का, एवढं बघायची सवय लाव. आणि पैसे कुणाच्या खात्यावर गेले? स्क्रीनशॉटवर एका माणसाचं नाव दिसतं. गाड्या बनवणारी कंपनी कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर डिपॉझिट घेत नाही. मुळात नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे घेतच नाही.

खरी कंपनी काय विचारते ते तुला भोसरीच्या अनुभवावरून थोडं माहीत असेल, मोठ्या कारखान्यात ते जास्त ठळक असतं. कोणत्या थांब्यावरून कंपनीची बस पकडणार? सेफ्टी शूजचं माप किती, सात की आठ? मेडिकलला कधी येतोस? पीएफचा यूएएन नंबर काय? आधीच्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर आहे का? शूज कंपनी देते, त्याचे पैसे मागत नाही. तुला या लोकांनी यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी आधार, पॅन, कॅन्सल केलेला चेक आणि पैसे मागितले.

2014 च्या जूनमधली एक सकाळ तुला सांगते. पहिल्या पाळीच्या बसेस आत येत होत्या. गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला, ‘मॅडम, एक मुलगा जॉइन व्हायला आलाय, यादीत नाव नाही.’ मी बाहेर गेले. परभणीकडचा मुलगा, सोबत वडील, एक पत्र्याची पेटी आणि दोरीने बांधलेली वळकटी. वडिलांच्या हातात नेमणूकपत्र होतं, लॅमिनेट केलेलं. पाऊस लागू नये म्हणून त्यांनी गावातच ते करून घेतलं होतं. खाली माझं नाव होतं, आडनावात एक अक्षर चुकलेलं, आणि सही. माझी नव्हती, पण माझ्या नावाची होती. वडिलांनी मला विचारलं, ‘बाई, तुमचंच नाव हाय ना ह्ये?’ मी हो म्हणाले, आणि त्यानंतर मला पुढचं वाक्य सुचेना. 18,000 रुपये दिले होते त्यांनी. दोघांना कॅन्टीनमध्ये नेलं, चहा-पोहे दिले, सोबत माणूस देऊन पोलीस चौकीत पाठवलं. पैसे परत आले नाहीत.

चहा घेताना मी त्या मुलाला विचारलं होतं, ‘यायच्या आधी कंपनीत एक फोन का नाही केलास?’ तो म्हणाला, ‘एवढ्या मोठ्या कंपनीत फोन करून काय विचारणार, राग आला असता.’ तू बारा वर्षांनी तेच लिहिलंयस. म्हणून मी तुला एवढं लांब उत्तर देतेय.

विचारलं म्हणून रागावणारा मालक क्वचित भेटेल. फसवणारा मात्र तुझ्या या संकोचावरच जगतो. मला गेटवर किंवा फोनवर कोणी ‘हे पत्र आपल्याकडचंच आहे का’ असं विचारलं असतं, तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं आणि मी त्या मुलाचं नाव कौतुकाने लक्षात ठेवलं असतं. तुझ्यासाठी तर हे आणखी सोपं आहे, चिखलीहून चाकण काही लांब नाही. लेटरवरचा नंबर सोडून दे, कंपनीच्या साइटवरचा बोर्ड नंबर लाव. किंवा सरळ गेटवर जा आणि म्हण, ‘नमस्कार, मला आपल्या कंपनीच्या नावाने हे पत्र आलंय, एचआरकडून खात्री करून मिळेल का?’ उद्या जाऊन ये. माझ्या मते पत्र खोटंच आहे, पण तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस तर मनात किंतु राहणार नाही, आणि आपल्या नावाने काय चाललंय हे त्या कंपनीलाही कळेल.

त्यांचे फोन आता वाढतील. ‘तुम्ही ऑफर स्वीकारली आहे, आता मागे फिरलात तर कायदेशीर कारवाई करू’ असंही म्हणतील, एखाद्या वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतील. घरबसल्या टायपिंगच्या कामात हेच होतं: चुका काढायच्या, करारभंग म्हणायचं आणि नोटिशीची भीती घालून पैसे उकळायचे. उत्तर देऊ नकोस, ती नोटीसही तक्रारीला जोड. आणखी काही दिवसांनी वेगळाच कोणी ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी लागेल’ म्हणून फोन करेल. तोही त्यातलाच. आणि ‘तुमच्या खात्यावर पैसे येतील, पुढे पाठवा, कमिशन ठेवा’ असं कोणी सुचवलं तर तिथेच फोन ठेव. त्यात तुझं खातं गुन्ह्यात वापरलं जातं आणि पोलीस तुझ्या दारात येतात.

तुझी कागदपत्रं त्यांच्याकडे गेलीत, त्याचाही बंदोबस्त कर. आधारच्या साइटवर जाऊन बायोमेट्रिक लॉक कर. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं, तुझं नसलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं. दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघ, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तुझ्या नावावर कोणी कर्ज उचललं असेल तर त्यात दिसेल. पुढे कुठेही आधार द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिही: कोणत्या कामासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला.

आता रांजणगाव. इथे माझा सूर बदलतो, कारण ही माणसं मला चोर वाटत नाहीत. त्यांनी तुला बोलावलं, शॉप दाखवलं, व्हर्नियर हातात देऊन माप घ्यायला लावलं असं तू लिहिलंयस. फसवणारा एवढा वेळ देत नाही. पण लहान कारखान्यांच्या काही जुन्या सवयी असतात आणि त्या सगळ्या तू मान्य करायच्या नसतात.

आधी थोडी माहिती काढ. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर आस्थापनेचं नाव टाकलं की पीएफ भरला जातो का आणि किती माणसांचा, ते दिसतं. जीएसटी क्रमांकावरून नोंदणी कोणाच्या नावाने आणि कधीची आहे ते कळतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा हा क्रमांक 27 ने सुरू होतो. आणि पाळी सुटायच्या वेळी बाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास थांब. पगार किती तारखेला होतो आणि ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का, हे तिथल्या पोरांना विचार. माझ्या अनुभवात कोणत्याही साइटपेक्षा तिथलं उत्तर पक्कं असतं.

19,000 हा आकडा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा, आहे की हातात येणारा, हे तू विचारलेलं नाहीस. विचार. ग्रॉस असेल आणि मूळ वेतन 15,000 धरलं, तर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800 जातील, ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का म्हणजे साधारण 143, व्यवसाय कराचे 200. हातात 16,850 च्या आसपास. ईएसआयसी 21,000 पर्यंतच्या पगाराला लागू आहे आणि आजारपणात तो मोठा आधार असतो, तेव्हा कपात दिसली तर नाराज होऊ नकोस. या आकड्यात तुझं खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे बसतात का, हे तूच बघायचंस.

मार्कशीट जमा करू नकोस. दाखव, त्यांना ताडून घेऊ दे, आणि स्वतः सही केलेल्या प्रती दे. मूळ कागद एकदा कपाटात गेला की नोकरी सोडायच्या वेळी तो तुझ्या मानेवरचा हात होतो. मी अशी मुलं पाहिली आहेत, दुसरीकडे चांगली ऑफर हातात असून पडताळणीला मार्कशीट नाही म्हणून थांबलेली.

बॉण्डबद्दल दोन्हीकडून ऐकायला मिळेल. मित्र म्हणतील, बॉण्ड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही. तसं समजू नकोस. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि आधी सोडल्यास 2 लाख रुपये, असा बॉण्ड वैध ठरवला. म्हणून सही करण्याआधी वाच. रक्कम किती आहे? त्या बदल्यात ते कोणतं प्रशिक्षण देणार? एक वर्ष झाल्यावर रक्कम कमी होते का? त्यांनीच तुला कमी केलं तर काय? भोसरीत तुला कमी केलं गेलं आहे, हा प्रश्न विचारायचा तुला पुरेपूर हक्क आहे. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर आणि कोऱ्या चेकवर कोणत्याही परिस्थितीत सही नाही.

लेटर जॉइन झाल्यावर देऊ, हे काही बरोबर नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यात नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलेलं आहे. पण पहिल्याच मेलमध्ये कायदा काढू नकोस. लहान कारखान्यात बऱ्याचदा मालकच एचआर असतो, त्याला वाटेल आत यायच्या आधीच हा भांडायला आला. गोडीत लिही. मी तुला मजकूर देते, तुझ्या शब्दांत बदलून घे:

‘नमस्कार सर, शुक्रवारी आपण मुलाखतीसाठी वेळ दिलात आणि शॉप दाखवलंत, त्याबद्दल आभारी आहे. क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काम करायला मला आवडेल. रुजू होण्याआधी पद, ग्रॉस आणि हातात येणारा पगार, कामाची वेळ, पीएफ-ईएसआयसी आणि नोटिशीचा कालावधी एवढं मेलवर कळवलंत तर मी लगेच जॉइनिंगची तारीख देऊ शकेन. बॉण्डचा मसुदा आधी वाचायला मिळाला तर बरं होईल. मूळ मार्कशीट पडताळणीसाठी सोबत आणतो, आपल्याकडे स्वसाक्षांकित प्रती जमा करतो. आपला, स.’

हे वाचून कोणी नोकरी काढून घेतली, तर तिथला पगारही वेळेवर झाला नसता असं मी म्हणेन. बहुतेक वेळा काय होतं ते सांगते. मालक मेल वाचतो, अकाउंटंटला हाक मारतो आणि म्हणतो, याला काय ते लिहून टाक. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर एक फोन कर. सकाळी अकरानंतर, पाळीची गडबड ओसरल्यावर. ‘सर, मेल मिळाला का?’ एवढंच. रोज फोन नको.

तुझ्या बाजूनेही काही पथ्यं आहेत. मार्चमध्ये का सोडलंस असं विचारलं तर खरं सांग, ऑर्डरी कमी झाल्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि आधीच्या मालकाची निंदा करायचीही गरज नाही. जुना पगार फुगवून सांगू नकोस, पगारपत्रक मागितलं की उघडं पडतं आणि मी त्या कारणाने चांगली मुलं नाकारलेली आहेत. आणि येतो म्हणून तारीख दिलीस तर जा. मध्येच दुसरीकडे चांगलं जमलं, तर तीन ओळींचा मेल टाक: संधी दिल्याबद्दल आभार, मला दुसरीकडे रुजू व्हायचं आहे, आपल्याला अडचण होऊ नये म्हणून लगेच कळवतोय. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसणारी मुलं मी दर महिन्याला पाहिली. त्यांच्यासाठी मशीन रिकामं ठेवलेलं असतं, शिकवायला माणूस नेमलेला असतो. चाकण, रांजणगाव, भोसरी हे जग फार लहान आहे, दोन वर्षांनी तोच एचआर दुसऱ्या टेबलामागे भेटतो.

आता तुझ्या रूममेटचं, कारण मला त्याची तुझ्यापेक्षा जास्त काळजी वाटते. थायलंडमधल्या डेटा एंट्रीच्या अशा जाहिरातींबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने 2022 पासून वारंवार सावध केलं आहे. मुलांना बँकॉकला उतरवतात, तिथून सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना ऑनलाइन फसवायच्या कामाला जुंपतात. मार्च 2025 मध्ये अशा 549 भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्याला आजच विचार: व्हिसा कोणता आहे? टुरिस्ट व्हिसावर किंवा उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत यादीत आहे का? नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, याने किती दिले? उत्तरं नीट मिळाली नाहीत तर त्याला विमानात बसू देऊ नकोस. तुझं ऐकत नसेल तर त्याच्या घरी फोन कर. तो रागावेल, काही दिवस बोलणार नाही, तरीही कर.

तर असं: आज 1930 आणि बाबा, उद्या चाकणचं गेट, परवा रांजणगावला मेल. अर्ज करणं मात्र थांबवू नकोस. दीड वर्षाचा क्वालिटीचा अनुभव आणि व्हर्नियर-मायक्रोमीटरवर बसलेला हात याला या पट्ट्यात मागणी आहे. बायोडेटात वर तेच लिही, डिप्लोमाचे टक्के खाली जाऊ देत.

रांजणगावहून उत्तर आलं की कळव. बॉण्डचा मसुदा मिळाला तर सही करण्याआधी मला पाठव, आपण दोघं मिळून वाचू.

तुझी,
ताई